गाळलेलं नाव

प्रभाकररावांना मरणाचं नवल कधीच नव्हतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात वार्डबॉय म्हणून उभा जन्म गेला. किती जणांच्या पापण्या मिटल्या, किती जणांच्या हनुवट्या बांधल्या, ते देवालाच ठाऊक. चर्चमध्येही तेच. कुणाकडं माती असली की प्रभाकरराव सगळ्यांच्या पुढं, आणि रडणाऱ्या बायाबापड्यांना सुनावायचे, "मेलेल्यासाठी प्रार्थना करत नसतात. तो पोचला. आता जित्या माणसाईसाठी मागा." शिकवण त्यांच्या चर्चची होती, खोटी नव्हती. पण खरं बोलतानाही समोरच्याच्या काळजावर पाय देऊन उभा राहणारा माणूस तो!

घरची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे हजेरीच. दिवे लागले की सगळ्यांनी चटईवर बसायचं, डोळे मिटायचे, आणि प्रभाकरराव वयाच्या क्रमानं एकेकाला देवापुढं उभं करायचे. बायको देवकाबाईंचे गुडघे, मुलगा भूपेंद्रचं व्यसन, सून रक्षाची नोकरी, नात आचलची परीक्षा. भाजीत मीठ सुटेल एखाद्या दिवशी, पण प्रार्थनेत नाव सुटायचं नाही.

भूपेंद्र वर्धा-सेवाग्राम ऑटो चालवायचा. गळा गोड, हात दिलदार, आणि दारूपायी वाया गेलेला. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून तर बाटली घरपोच येते! पोरानं आधी चर्च सोडलं, मग जेवण सोडलं. शेवटी लिव्हर गेलं. चाळिशीसुद्धा गाठली नाही.

शेवटच्या दिवशी पाळकसाहेब वार्डात आले. देवकाबाई तेवढ्यात चहा आणायला खाली गेलेल्या, उशाशी प्रभाकरराव एकटेच. पाळकांनी डोक्यावर ठेवायला हात पुढं केला, तर भूपेंद्रनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "मले नाई पायजे तुमचा देव," एवढंच म्हणाला. दिवस मावळायच्या आत गेला. ते वाक्य प्रभाकररावांनी गिळून टाकलं, बायकोलाही सांगितलं नाही.

पौषातली थंडी होती. कबरस्थानात काळी माती उकरून ठेवलेली. पेटी झाकायच्या आधी देवकाबाईंनी घरून आणलेली गोधडी लेकाच्या अंगावर टाकली. "त्याले थंडी लय वाजते," म्हणाल्या. प्रभाकररावांनी ती ओढून घेतली. "देवका, येडी झाली का? देहाले थंडी नसते, ऊन नसते." आणि चार लोकांत खणखणीत आवाजात सांगितलं, "माहा पोरगा देवाजवळ जिवंत हाये." लोक म्हणाले, वा, काय विश्वास म्हणावा हा!

त्या संध्याकाळी प्रार्थनेत देवकाबाईंच्या गुडघ्यांनंतर थेट रक्षाची नोकरी आली. मध्ये श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. देवकाबाईंनी डोळे उघडून नवऱ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तशा त्या प्रार्थनेला बसेनाशा झाल्या. स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहायच्या.

नियम तर होताच. पण नियमाच्या आड आपण लपलोय, हे प्रभाकररावांचं त्यांना ठाऊक होतं. पोरासाठी दया मागायची म्हणजे पोराला ती मिळालेली नाही असं कबूल करायचं. भिंतीकडं वळलेली ती मान काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुसऱ्यांची मढी उचलली तेव्हा मरण म्हणजे खाट रिकामी होणं, चादर बदलली की संपलं. हे मात्र संपत नव्हतं. त्यांची स्वतःची सत्तरी उलटलेली, आपली पाळीही काही लांब नाही. आपण तिकडं गेलो आणि पोरगा तिकडं नसलाच तर?

एक दिवस रक्षा आचलला घेऊन माहेरी, आंजीला गेली. घरात दोघंच म्हातारे. प्रभाकररावांनी चटई टाकली आणि हाक मारली, "देवका, ये न वं."

"कायले येऊ?" आतून आवाज आला. "तुमच्या प्रार्थनेत माह्या पोराले जागा नाई."

"मेलेल्यासाठी मागत नसतात. तुले मालूम हाये."

देवकाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "मेलेला? मातीपाशी उभं राहून तुम्हीच बोल्ले न, तो देवाजवळ जिवंत हाये म्हणून? जिवंत हाये त त्याचं नाव काऊन गाळून राह्यले?"

चर्चमध्ये वचनावर वचन फेकणारा माणूस चटईच्या काड्या उपसू लागला.

"सांगा न. हाये का नाई?"

"मले मालूम नाई, देवका."

आणि मग राहवेना. पाळकांचा हात, भिंतीकडं फिरवलेलं तोंड, ते वाक्य, सगळं भडाभडा ओकून टाकलं. "म्या खोटं बोल्लो," ते म्हणाले. "पोराच्या कबरीपाशी खोटं बोल्लो."

त्यांना वाटलं, ही आता ऊर बडवून घेईल. देवकाबाई मटकन चटईवर बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मंग त त्याच्याचसाठी मागा न. पोचलेल्यासाठी कायले मागा लागते? जो रस्त्यात राह्यला, त्याच्यासाठी मागा लागते."

दोघांनी डोळे मिटले. प्रभाकरराव नेहमीसारखे देवकाबाईंच्या गुडघ्यांपर्यंत आले आणि थांबले. "भूपेंद्र," म्हणाले. पुढं शब्द सुचेना. व्यसन सोडव म्हणावं, तर ते सुटलं. तब्येत मागावी, तर तब्येत मातीत गेली. मेलेल्यासाठी काय मागतात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"त्याले थंडी लय वाजते," शेजारून देवकाबाई हळूच म्हणाल्या.

"हे प्रभू," प्रभाकरराव म्हणाले, "भूपेंद्रले थंडी वाजू देऊ नको. त्याच्या आंगावरची गोधडी म्या काढली."