शालीखालचं चित्र

‘सत्य लपत नाही,’ असं मी सातवीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पाहुण्यांच्या स्वागताचा मजकूर मावेना, म्हणून मुख्याध्यापकांनी ते पुसायला लावलं.

नांदेड सोडून मी तेव्हा जळकोटजवळच्या एका शाळेत शिकवत होतो. मुलांनी पुरावे बघून विचार करावा, म्हणून एक खेळ रचला होता. भर मे महिन्यात प्रदर्शनातून एक चित्र चोरीला जातं. संशयित तीन: चित्रकार, पहारेकरी आणि उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे. त्यांचे जबाब, दालनाचा नकाशा आणि समारंभाची दृश्यं मीच कागदावर काढली. चोरीला जाणारं चित्रही मीच रंगवलं, औशाचा किल्ला. आठवडा गेला त्यात. उत्तर लिफाफ्यात बंद करून ठेवलं.

खेळ आहेच, तर शिक्षण खात्यातल्या लातूरच्या साहेबांना बोलवावं, असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं. साहेब आले. हार, नारळ, शाल, मग भाषणं. पुरावे वाचायला मी चाळीस मिनिटं ठेवली होती. त्यातली दहा उरली.

“पहारेकरी, सर!” अर्धा वर्ग ओरडला. कागद कुणी उलगडलेही नव्हते.

“कशावरून?”

“गरीब हाय की.”

मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी दृश्यं पुन्हा पुन्हा बघत होती. तिचे वडील लातुरात एका गोदामावर पहारेकरी होते आणि वर्गाला ते ठाऊक होतं.

“पप्पाला इचार की, कुठं दडवलं ते,” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

ती उभी राहिली. “पहारेकऱ्यानं न्हाई, सर. पाहुण्यानं.”

“का बरं?”

“सत्काराची शाल लोक घडी करून हातात धरतेत. ह्यो पाहुणा मे महिन्यात अंगभर पांघरून चाललाय. आत कायतरी हाय.”

लिफाफ्यात मी हेच लिहिलं होतं.

साहेबांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, “बाळ, पाहुणा देवासारखा असतो. तो चोरी करील का?” टाळ्या पडल्या. पहारेकरी दोषी ठरला.

मी लिफाफा उचलला. मुख्याध्यापक कानाशी आले. “सर, काय करून राहिलात? पाहुण्याच्या तोंडावर पाहुण्याला चोर म्हणता?”

ती अजून उभीच होती. “सर, लिफाफ्यात काय हाय?”

“नंतर सांगतो,” मी म्हणालो.

ती खाली बसली आणि समोरचे कागद तिनं पालथे करून ठेवले. मोठ्यांच्या ढोंगावर आयुष्यभर इतकं वाचलं होतं मी, आणि ऐन वेळी सुचले ते हे दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच वर्गात गेलो, लिफाफा फाडला आणि उत्तर दोनदा मोठ्यानं वाचलं. पुढच्या बाकानं आता कुठे कागद उलगडले. ती मात्र हसलीबिसली नाही. तिचा पुढचा प्रश्न तयार होता.

“मग चित्र कुठं हाय, सर?”

मी कपाटात पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, शेवटी मुख्याध्यापकांना विचारलं. साहेबांना ते आवडलं होतं. जाताना ते त्यांनी शालीत गुंडाळून नेलं होतं.