वाळवंटातल्या मावशी आणि बर्फाची खिंड

बर्फाबद्दल माझ्या बायकोच्या मावशींना जेवढं कळतं तेवढं अमेरिकेच्या वाळवंटातल्या आमच्या अख्ख्या चँडलर गावामध्ये दुसऱ्या कुणालाही कळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. आता चँडलरमध्ये बर्फ फक्त फ्रीजमध्ये सापडतो आणि मे महिन्यात गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं, त्यामुळे या विषयात स्पर्धा फारशी नाही, हे मान्य. पण मावशींना स्पर्धेशी कर्तव्यच नव्हतं. त्या नागपूरच्या. जन्म उन्हाळ्यात काढला, लग्न करून इथे आल्या तर इथेही उन्हाळाच वाढून ठेवलेला. काका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. साठी ओलांडल्यावर कधीतरी दोघं कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत फिरायला गेले आणि जूनच्या भर उन्हात मावशींनी लांबवर पांढरी शुभ्र खिंड पाहिली. काका म्हणाले, “छान आहे.” मावशी म्हणाल्या, “पलीकडे काय असेल हो?” तिथून सगळं सुरू झालं.

खिंड ऑगस्टमध्ये ओलांडायची तर शाळेतली मुलंही ओलांडतात, असं मावशींचं मत. त्यांना ती मोसमाच्या अगदी सुरुवातीला, बर्फ असतानाच ओलांडायची होती. त्यासाठी डोंगरात बसवलेल्या यंत्रांवर बर्फाची जाडी किती आहे, हे त्या रोज सकाळी चहाबरोबर कॉम्प्युटरवर बघत. त्याने समाधान झालं नाही की थेट तिथल्या जंगलखात्याच्या रेंजरच्या ऑफिसात फोन. फोन उचलणाऱ्या पोराला त्यांचा आवाज इतका पाठ झाला होता की तो नाव न विचारताच सांगे, “गुड मॉर्निंग मॅम, स्टिल स्नो!” एकदा फोन ठेवून त्या चिंतेत पडल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “आज त्या पोराचा आवाज पडलेला वाटला जावईबुवा. बर्फ वितळून राहिला असेल. मला सांगायला जीवावर येत असेल त्याच्या.”

मी यात कसा ओढला गेलो, हेही सांगायला हवं. काकांनी सुरुवातीलाच सोफ्यावरून जाहीर केलं होतं, “मी मोटेलपर्यंत येईन. त्याच्या पुढे जे काही आहे ते तुझं.” मग एके दिवशी बायको मला म्हणाली, “तू जा ना मावशीबरोबर. नाहीतर ती एकटी जाईल, आणि खरंच जाईल.” मी पुण्याचा, सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाण्यापलीकडे गिर्यारोहणाशी माझा संबंध नव्हता. पण मावशींनी मला जावई म्हणून नव्हे, सामान म्हणून हातात घेतलं आणि माझं वजन कमी करायला सुरुवात केली. माझ्या सॅकमधली एकेक वस्तू त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढली. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला गेला. कंगव्याकडे बघून त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि तो बाजूला ठेवला. “हा पट्टा कशाला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पँट पडू नये म्हणून.” “मग नाडी ओवून देते. पट्ट्याला बक्कल असतं, बक्कल कोण वाहणार?”

जेवणाच्या बाबतीत मात्र आमचं वाळवंट त्यांच्या मदतीला धावून आलं. मावशींच्या मागच्या अंगणातल्या पॅटिओवर चादरी पसरून त्यावर ताटांत वरण, पिठलं, वांग्याची भाजी असं काय काय वाळत पडलेलं असे. वऱ्हाडातल्या बायका कुरडया-सांडगे घालतात त्याच हाताने त्या पातळसं पिठलं ताटात पसरत आणि संध्याकाळपर्यंत त्याचा पापड होई. मग तो कुटून पिशवीत. गरम पाणी ओतलं की परत पिठलं. या सगळ्या पिशव्या अस्वलांना उघडता येऊ नये अशा एका जाड डब्यात भरायच्या असतात. मावशींनी तो डबा बंद करून माझ्यापुढे ठेवला आणि उघडायला सांगितलं. मला उघडेना. तेव्हा त्यांचा डब्यावर विश्वास बसला.

पण कळस झाला तो घसरण्याच्या तालमीत. बर्फाच्या उतारावर पाय सुटला तर हातातली आइस ॲक्स, म्हणजे लांब दांड्याची ती छोटी कुदळ, छातीखाली धरून पालथं पडायचं, बुटांचे काटे अडकून उलटायला नको म्हणून पाय वर घ्यायचे आणि तिचं टोक बर्फात रुतवून स्वतःला थांबवायचं असतं. हे अंगात भिनायला हवं, असं मावशींचं म्हणणं. चँडलरमध्ये बर्फ नाही. पण घराजवळच्या पार्कात गवताचा एक उतार आहे. त्यावर त्यांनी ताडपत्री अंथरली, साबणाचं पाणी ओतलं आणि हातात ॲक्सच्या ऐवजी फावड्याचा दांडा देऊन मला वरून ढकललं. मग स्वतः घसरल्या. मग परत मी. भर मे महिन्यात, लोकरी टोप्या घालून! कुत्रं फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी घाबरून विचारलं, “आर यू ओके?” मावशी साबणाच्या फेसातूनच ओरडल्या, “यस यस! वुई आर फॉलिंग ऑन पर्पज!”

जूनच्या सुरुवातीला आम्ही निघालो. काकांना डोंगराच्या पायथ्याच्या गावात मोटेलवर सोडलं. त्यांनी टीव्हीचा रिमोट हातात घेऊन आम्हाला शुभेच्छा दिल्या. एक अख्खा दिवस चढून आम्ही खिंडीखालच्या तळ्याकाठी तंबू लावला. तळं गोठलेलं होतं. मावशी काठावर जाऊन बसल्या आणि मी हाक मारेपर्यंत तिथेच होत्या. इतक्या बडबड्या बाई, त्या संध्याकाळी त्यांनी मला एकही सूचना दिली नाही.

बर्फावरून चालायचं ते पहाटे. रात्रीच्या थंडीने तो कडक झालेला असतो, बुटांना लावलेले काटे करकर रुततात आणि माणूस वर चढतो. ऊन लागलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो. आम्ही उजाडता उजाडता निघालो, पण रात्रभर आभाळ भरलेलं होतं आणि थंडी पडलीच नव्हती. मावशींनी तंबूबाहेर पाऊल टाकून टाच आपटली. टाच आत गेली. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला, पण त्या म्हणाल्या, “थोडं वर जाऊन बघू.”

आम्ही चढत गेलो. मी मांडीपर्यंत रुतायचो, धडपडत बाहेर यायचो. आणि गंमत अशी, की जसजशी खिंड जवळ आली तसतसा माझ्यातच कुणीतरी दुसरा माणूस संचारला. महिनोन्‌महिने नको नको म्हणणारा मी आता पुढे पुढे धावत होतो. खिंड अगदी डोक्यावर दिसत होती. शेवटचा एक तिरपा उतार ओलांडायचा, की झालं. तिथे मावशी थांबल्या. ॲक्सच्या टोकाने त्यांनी पुढचा बर्फ जरासा ढोसला. ओल्या बर्फाचा एक थर सुटला आणि दुधावरची साय सरकावी तसा निवांत खाली घसरत गेला. जाता जाता मोठा होत गेला आणि खालच्या खडकांवर जाऊन फुटला. त्याचा आवाज आमच्यापर्यंत जरा उशिरा आला.

मावशी खिंडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चला परत.”

“मावशी, अहो, हे काय समोर आहे! जपून जाऊ ना. इतकी वर्षं तुम्ही…”

“जावईबुवा,” त्या म्हणाल्या, “घरी गेल्यावर माझी भाची मला विचारेल. या बर्फाला कोणी विचारणार नाही.”

आणि त्या वळल्या. एकदाही मागे न बघता उतरू लागल्या. मी चिडलो होतो, त्या तिरमिरीत पाय कसाही टाकला आणि सुटलो. पुढचं मला फारसं आठवत नाही, पालथा झालो, ॲक्स छातीखाली आली, तोंडात बर्फ गेला आणि वरून मावशींचा आवाज आला, “पाय वर! पाय वर घ्या!” मी थांबलो. त्या सावकाश माझ्यापर्यंत आल्या, माझा दंड घट्ट धरला. मी नीट उभा राहीपर्यंत सोडला नाही. पण बोलल्या काय, तर, “पार्कात याहून बरे पडले होते तुम्ही.”

मोटेलच्या खोलीत काकांनी दार उघडलं, मावशींकडे एकदा बघितलं आणि टीव्ही बंद केला.  मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या, तर हे सोफाप्रेमी गृहस्थ गुडघे दाबत खाली बसले आणि त्यांच्या बुटांच्या ओल्या, फुगलेल्या गाठी नखांनी सोडवू लागले. “भूक लागली असेल ना गं?” ते म्हणाले. तेव्हा मावशी रडल्या. मी बर्फ आणण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो. मोटेलात बर्फाचं मशीन असतं, एवढंच त्या क्षणी सुचलं.

पुढच्या वर्षी जमलं असतं. पण काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलीने दोघांना आपल्याकडे, दूर पूर्वेकडच्या अल्फारेटाला नेलं. तिथे झाडं भरपूर, नातवंडं दोन, डोंगर नाही. मावशी आता नातवंडांच्या शाळेची दप्तरं काट्यावर ठेवतात, असं ऐकतो.

यंदा जूनमध्ये ऑफिसातल्या एका मित्राला घेऊन मी ती खिंड ओलांडली. बर्फ पहाटे काचेसारखा कडक होता. खाली रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली तशी पहिला फोन मावशींना केला.  मग हळू आवाजात चौकशी सुरू झाली. वारा कुठून होता? खिंडीत बसायला जागा आहे का? डावीकडे खाली नकाशातली दोन तळी दिसली?

“एकच दिसलं मावशी.”

“दुसरं बर्फाखाली असेल,” त्या म्हणाल्या. “ते जूनमध्ये निघत नाही.”

मी वरचं सगळं सांगितलं, आभाळाच्या रंगापर्यंत. पलीकडच्या उतारावर यायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. “आज एवढंच पुरे. उतरायचं उद्या सांगा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला आणि मावशींना थोडं खाली उतरवलं. मग त्याच्या पुढच्या संध्याकाळी आणखी थोडं. घाई त्यांनाही नव्हती, मलाही नव्हती.