गुरुजींचं ऊन

गुरुजींनी माझ्या टेबलावर थर्मामीटर ठेवला आणि शेजारी एक दोनशेपानी वही.

"मॅडम, हा पुरावा. रोज सकाळच्या अंघोळीच्या पाण्याचं तापमान. तीन महिन्यांचं."

गुरुजी म्हणजे पेठचे निवृत्त मुख्याध्यापक. नवीन स्लॅबचं घर, गच्चीवर पाणी तापवायचा सोलर. पश्चिमेला शेजारच्या यमुनाबाईंची जुनी चिंच. दुपारी दोननंतर चिंचेची सावली सोलरवर यायची आणि सकाळी पाणी कोमट निघायचं. म्हणून गुरुजींना चिंच तोडून हवी होती.

मी घोडेगावला दिवाणी वकिली करते. त्यांना कायदा सांगितला. खिडकीतून येणाऱ्या उजेडावर हक्क सांगता येतो, पण तो उजेड वीस वर्षं विनाअडथळा मिळालेला लागतो. त्याला आम्ही सुखाधिकार म्हणतो.

"तुमचं घर तीन वर्षांचं. चिंच तुमच्या वयाची असेल. आणि तुम्हाला ऊन खिडकीत नाही, गच्चीवर पाहिजे."

"मग मी काय करायचं?"

"गार पाण्यानं अंघोळ."

त्यांना ते लागलं. "आयुष्यभर मुलांना सूर्यमाला शिकवली मी. तुम्ही फक्त केस घाला."

मी घातली. फांद्या त्यांच्या हद्दीत येतात, एवढा एकच मुद्दा खरा होता. त्याच्या जोरावर उरलेली चार पानं भरली.

कोर्टानं कमिशनर नेमला. म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करणारा आणि कोर्टाला अहवाल देणारा वकील. तो सकाळीच गच्चीवर हजर झाला. सोलरवर सावली होती, पण गुरुजींच्याच पाण्याच्या टाकीची. त्यानं फोटो काढला.

"ही सावली वादातली नाही," गुरुजी म्हणाले.

कमिशनरनं ते वाक्य अहवालात जसंच्या तसं लिहिलं.

केस तिथेच संपली होती. तारखा मात्र संपेनात. यमुनाबाई सत्तरीच्या. प्रत्येक तारखेला एसटीनं यायच्या, बाकावर बसायच्या, पुढची तारीख ऐकून परत जायच्या. दोन वर्षांनी आपल्या वकिलांना घेऊन माझ्याजवळ आल्या.

"वकीलबाई, लई झालं. गुडघं चालत न्हाईत. त्यांच्याकडच्या फांद्या तोडा, पर मला आता बोलवू नका."

लोकअदालतीत, म्हणजे आपसात मिटवायच्या दिवशी, तडजोड झाली. गुरुजींच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरल्या. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये माझं अभिनंदन झालं. म्हातारीला दमवून मिटवलेली केससुद्धा आमच्यात जिंकलेलीच धरतात.

मे महिन्यात गुरुजी पुन्हा आले. पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापत होती. दुपारी घरात बसवत नव्हतं. त्यांच्या सौभाग्यवती जेवण झालं की सरळ यमुनाबाईंच्या ओसरीवर जाऊन पडायच्या. नळाला पाणी मात्र कढत येत होतं, आणि त्या दिवसांत ते कुणालाच नको होतं.

गुरुजींनी आवाज खाली आणला. "मॅडम, सावलीवर काही हक्क सांगता येतो का?"

"नाही."

"काहीच करता येत नाही?"

"यमुनाबाईंना विचारा. कोर्टात नको, ओसरीवर जाऊन विचारा."

ते गेले नाहीत. त्यांनी भिंतीपुढे हिरवी शेडनेट बांधली. पहिल्या वळवात ती उडाली आणि यमुनाबाईंच्या अंगणात पडली. मागायलाही गुरुजी गेले नाहीत. बाई आता तिच्यावर चिंचा वाळत घालतात.

हल्ली झाडाची तक्रार घेऊन कुणी आलं, की मी कागद करायच्या आधी त्याला मे महिन्यातली दुपारची वेळ देते.