लायब्ररी आखरीले

"गेली त गेली, वापस कशी येते ते पाहू," असं म्हणून आमचे कॉम्प्युटरवाले नवं मशीन पारखायला मेन स्विच खाली ओढत. समोर कोण बसलंय, याची त्यांना पर्वा नसे.

रिसोडच्या आमच्या शिक्षणसंस्थेत ते कॉम्प्युटर सांभाळत आणि मी ग्रंथालय. पगार, परीक्षा, प्रवेश आणि ग्रंथालय, प्रत्येकाचं वेगळं जुनं मशीन. वीज गेली की चारही रुसून बसत. मग ते जऊळक्याहून मोटरसायकलवर येत आणि एकेकाला उठवत. रविवारीसुद्धा. वीज काय पंचांग पाहून जाते थोडीच.

मग संस्थेने एकच दणकट सर्व्हर घ्यायचं ठरवलं. त्याच्या पोटात चार आभासी सर्व्हर बसवायचे, म्हणजे घर एक आणि बिऱ्हाडं चार. हा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर कोणतं, ते त्यांनी निवडायचं होतं. त्याच बैठकीत चिटणीस हसत हसत म्हणाले, "एकदा हे आपलं आपण चालायला लागलं की पूर्णवेळ माणूस कशाला हवा?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते मात्र मान डोलावत होते.

नागपूरहून एका कंपनीचा माणूस टाय बांधून आला. रंगीत चित्रं दाखवत होता, तेवढ्यात आमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी स्विच ओढला.

"अहो, यूपीएस असतो ना," तो कळवळला.

"त्या यूपीएसनं आमची लाइन पाह्यली नाही अजून, साहेब. बसा, चहा घ्या."

वीज परत दिली, तर त्याची दोन बिऱ्हाडं हाताने उठवावी लागली. दुसरं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं. दिवाळीच्या सुट्टीभर ते त्याच्यावर स्विच ओढत बसले. दरवेळी चारही आपोआप उठली.

मला राहवेना. "टायवाल्याचंच घ्या," मी म्हटलं. "पडू द्या अधूनमधून बंद. नोकरी तरी राहील."

"अन् लेकरं निकालासाठी वरांड्यात उभे राहतीन, मॅडम? माह्या नोकरीसाठी?"

"तुमची मुलगी अजून शिकतेय."

"ते त हायेच," ते म्हणाले आणि स्क्रू आवळत राहिले. तुम्ही पाहिली असतील अशी माणसं. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

त्यांनी आपोआप उठणारंच घेतलं. उठण्याचा क्रमही लावला. आधी पगार, मग परीक्षा, मग प्रवेश, आणि जरा थांबून ग्रंथालय. "लायब्ररी आखरीले. मॅडमले चहा प्यायले टाइम भेटते." मी चिडले, तर ते गालातल्या गालात हसले.

उन्हाळ्यात त्यांना कमी केलं. शाल दिली, नारळ दिला. त्यानंतर कुठे वादळवारं झालं की त्यांचा फोन येई.

"आली का वापस?"

"आली."

"आपोआप?"

"आपोआप."

"मंग बरं."

एकदा तरी "नाही आली, या तुम्ही" असं सांगावं, असं फार वाटे. मागच्या पावसाळ्यात फोन थांबले. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत, असं त्यांच्या मुलीने कळवलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आता अधूनमधून एजन्सीचा माणूस येतो. परवा स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं लगेच उठतं. ग्रंथालयच उगाच थांबवून ठेवलंय कोणीतरी. काढून टाकू का ते?"

"राहू द्या," मी म्हटलं. "तेवढ्यात माझा चहा होतो."