व्हर्नासमोरची खुर्ची

कॅनडात, विनिपेग शहराच्या नॉर्थ एंड वस्तीत आमच्या केंद्राला कागदोपत्री नावाने कुणी ओळखत नाही. सगळे तबेलाच म्हणतात, कारण इथलं पहिलं स्वयंपाकघर घोड्यांच्या तबेल्यात थाटलं होतं. थाटलं ते एका विधवेने. सूप मागायला माणसं इतकी यायला लागली की तिचे हात पुरेनात, तेव्हा तिने रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात चाकू दिला आणि बटाट्यांच्या पोत्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून तीच रीत. नाव विचारायचं नाही, कुठून आलास विचारायचं नाही, कुठे चाललास तेही नाही. आधी बटाटे सोल, मग जेव. भीक घेतल्यासारखं कुणाला वाटू नये, एवढंच त्यामागे. आता वरच्या मजल्यावर मुलांची शिकवणी चालते, गुरुवारी नर्स येते, जुने कोट वाटले जातात. पण खालचं लांब टेबल आणि त्यावरचे चाकू तसेच आहेत.

त्या टेबलाच्या टोकाला व्हर्ना डुशार्म बसायची. आजी इथल्या क्री आदिवासींपैकी, आजोबा फ्रेंच, आणि जीभ दोघांहून तिखट. सगळे तिला आंटी म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा. लहानपणी ती आईचा हात धरून इथे जेवायला आली आणि मग इथलीच झाली. लग्न झालं, रेल्वेतला नवरा गेला, गुडघे गेले, तरी सकाळी टेबलाशी हजर.

लोकांना वाटायचं आंटी कुणाला घाबरत नाही. साफ खोटं. मी इथे सूप करते, तिच्या शेजारी आयुष्य काढलंय. दार वाजलं की दर वेळी तिचा चाकू क्षणभर थांबायचा. ज्यांना काही विचारायचं नाही त्यांची भीती वाटणारच की. "स्लावका," ती मला म्हणायची, "मी घाबरट आहे गं. फक्त उठून पळण्याइतके गुडघे चांगले नाहीत."

एका जानेवारीत एक बाई आली. ओठ फाटलेला. "पेग म्हणा," एवढंच बोलली. वर एक कॉट असते, तिथे राहिली. सकाळी टेबलाशी यायची. बटाटा सोलायची म्हणजे चक्क तासायची. चारी बाजूंनी सपाट काप, आणि हातात उरायची साबणाची वडी. आंटीची साल अशी पातळ की आरपार दिसावं, त्यामुळे तिला ते बघवायचं नाही. "अगं, डुकरं पाळलीत का आम्ही?" ती पेगला चिडवायची. पेग पहिल्यांदा हसली ती त्यावर.

आणि एका सकाळी पेगने खिडकीतून बाहेर पाहिलं, चाकू खाली ठेवला आणि "गार्थ" म्हणाली. बाहेर एक निळा ट्रक थांबत होता. ती उठून कोठीच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. त्या दाराला कडी बाहेरून आहे, आतून नाही.

माणूस आत आला. मोठा, शांत, गुळगुळीत दाढी केलेला. हातमोजे काढून नीट घडी घालून खिशात ठेवले. पिऊन धिंगाणा घालत आला असता तर परवडलं असतं. आमचे नवे डायरेक्टर थिसेन तेवढ्यात पुढे झाले. त्यांना पेगचं काही माहीत नव्हतं, आणि इथली रीत कुणीतरी त्यांच्या डोक्यात फारच पक्की बसवली होती. "या, बसा," म्हणाले, "आमच्याकडे आधी काम, मग सूप." आणि त्याच्या हातात चाकू दिला.

मला ओरडायचं होतं.

तो आंटीसमोरच्या खुर्चीत बसला. पेगच्याच. बटाटा घेतला, सोलायला लागला. "मी बायकोला शोधतोय," म्हणाला.

"इथे आम्ही नावं विचारत नाही, बाबा."

"मी नाव कुठे सांगितलं?" तो हसला. मग त्याची नजर सोललेल्या बटाट्यांच्या पातेल्यावर गेली. त्याने हात घालून एक बटाटा बाहेर काढला. चारी बाजूंनी सपाट. तो त्याने बोटांत फिरवून पाहिला. "हा कुणी सोलला?"

"मी," आंटी म्हणाली.

"तू?" त्याने पोत्यातला एक बटाटा उचलून तिच्यापुढे ठेवला. "सोल बघू."

कोठी तिच्या पाठीमागे चार पावलांवर होती. मी सुपाच्या भांड्याशी उभी, हातात पळी, आणि सूप तळाला लागल्याचा वास येत होता तरी मला हलता येईना. आंटीने चाकू घेतला. इतक्या वर्षांचा हात, तो पातळच जायला बघत होता. तिने तो दाबून आत घातला. एक जाड काप पडला. बटाटा फिरवला, दुसरा काप. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरताना मला दिसला. चौथा काप पडला आणि साबणाची वडी तिने त्याच्यापुढे सरकवली.

"अर्धा बटाटा वाया," तो म्हणाला. "नवऱ्याने कधी सांगितलं नाही?"

"सांगायचा."

"मग?"

"मग मेला."

तो खो खो हसला. थिसेनही हसले, बिचारे. त्याने सूप प्यायलं, वाटी स्वतः विसळली आणि गेला. ट्रक गेल्याचा आवाज आला तरी आंटी उठली नाही. मी जवळ गेले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "स्लावका, मला कोरडा स्कर्ट आणून दे."

दुपारी मागच्या दाराने पावाच्या गाडीतून पेग गेली. कुठे, ते रीतीप्रमाणे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी गार्थ परत आला. खुर्ची ओढून बसला आणि हात पुढे केला. थिसेनना एव्हाना सगळं कळलं होतं, त्यांचा चेहरा पांढराफटक. पोलिसांना बोलवतो म्हणाले. आंटीने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "काय सांगाल त्यांना? माणूस बटाटे सोलतोय म्हणून? तो इथे माझ्या डोळ्यांपुढे आहे तोवर तिच्या मागावर नाही. द्या त्याला चाकू."

असा तो येऊ लागला. रोज. कामावर जायच्या आधी. फारसं बोलायचा नाही, सालं नीट गोळा करायचा, म्हाताऱ्यांना कोट चढवून द्यायचा. लोकांना आवडायलाही लागला, त्याचीच मला चीड यायची. आंटी त्याच्यासमोर बसून सोलत राहायची.

एकदा मार्चमध्ये खुर्ची रिकामी राहिली. दार वाजलं की आंटी बघायची. सूप उकळलं, वाढून झालं, तो नाहीच. शेवटी ती उठून फोनपाशी गेली, रिसीव्हर उचलला आणि तशीच उभी राहिली. "कुणाला सांगू, स्लावका?" म्हणाली. "तो निघालाय म्हणून कुणाला सांगू? आपण पोरीला काही विचारलंच नाही."

तेवढ्यात तो आला, नाक पुसत. ट्रक थंडीने सुरू होत नव्हता. आंटीने रिसीव्हर ठेवला. "उशीर का केलास रे?" म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर उजळला होता. मग कोठीत जाऊन रडली. त्या माणसाला बघून आनंद झाला, याचीच तिला किळस आली होती.

अशी वर्षं गेली. गेल्या शरदात आंटी झोपेतच गेली. दफनानंतर सगळे तबेल्यात जमले, बॅनक पाव आणि चहा झाला, लोक रडले, हसले. गार्थही होता, काळ्या कोटात. जाताना तो माझ्यापाशी थांबला.

"काय पातळ साल काढायची म्हातारी," म्हणाला. "पहिला दिवस सोडला तर."

माझ्या हातातली बशी खाली पडली. त्याने वाकून तुकडे उचलले, एकही राहू दिला नाही. "मी थांबेन," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "ज्यांनी माझ्या बायकोला जपलं त्यांना भेटायला ती येईलच कधीतरी. तिचा स्वभाव तसा आहे."

खरं आहे ते. पेग तशीच होती. आणि ती कुठे आहे हे मला ठाऊक नाही, इथे येऊ नकोस असा निरोप पाठवायला पत्ता नाही. सोमवारी सकाळी तो आला, बसला, हात पुढे केला. मी चाकू दिला आणि व्हर्नाच्या जागेवर बसले. दाराकडे तोंड करून बसते मी. दार वाजलं की आम्ही दोघंही मान वर करतो.