अवेळी वाजलेला भोंगा

मंडळी, हल्लीच्या भयकथांची भीतीच वाटत नाही, अशी आपल्या ग्रुपवर नेहमीची तक्रार. आज दुपारी मी माझी नवी कथा सातपूरच्या मावशीला वाचून दाखवली. विहीर, पैंजण, रक्त, सगळं होतं. मावशी मेथी निवडत होती.

"मग पुढं काय झालं त्या बाईचं?" तिनं जांभई देत विचारलं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. शिफ्ट सुटायला अजून वेळ होता. अवेळी भोंगा म्हणजे आत अपघात, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मावशी मेथी टाकून अनवाणीच बाहेर धावली. दारादारांत बायका कारखान्याच्या गेटकडं बघत उभ्या होत्या.

थोड्या वेळानं गेटकडून एक कामगार सायकलवर आला. "काही नाही वहिनी, भोंगा तपासत होते."

बायका घरात गेल्या. मावशी तिथंच उभी राहिली.

असाच भोंगा वाजला त्या दिवशी काका गेले, त्याला कितीतरी वर्षं झाली. आता तिच्या घरातलं कुणीच कारखान्यात नाही. तरी ती धावली.

माझ्या कथेतल्या बाईची घरी कुणी वाटच बघत नाही. मग तिच्यासाठी भ्यायचं कुणी?