छत्तीसचा आकडा

ज्याला टेप धरता येत नाही त्याने दुसऱ्याच्या अंगाला ती लावू नये. बसवनगुडीत बावीस वर्षं ब्लाउज शिवून मला एवढं तरी कळतं. माझ्या मुलीच्या शाळेत त्या शनिवारी आलेल्या पाहुण्याला ते कळत नव्हतं.

सहावीच्या मुलांना सुवर्ण गुणोत्तर शिकवायला तो महादेवपुऱ्यातल्या कुठल्याशा कंपनीतून आला होता. मूळचा पुण्याचा. पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर अवघडून बसले होते. त्याने फळ्यावर १.६१८ लिहिलं आणि सांगितलं, जगात जे जे सुंदर आहे ते या मापात बसतं. मग मुलं वर्गातल्या वस्तू मोजत सुटली, लांबी भागिले रुंदी. खिडकी बसली नाही, दार तर मुळीच नाही. त्याच्या बँकेच्या कार्डाचं उत्तर १.५९ आलं. "जवळपास!" तो ओरडला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग माणसांची पाळी आली. पूर्ण उंची भागिले जमिनीपासून बेंबीपर्यंतची उंची. उदाहरणाला त्याने नेमकी माझी मुलगी पुढे बोलावली. बेंबी गणवेशाच्या आत, तेव्हा याने सरळ पट्ट्याच्या बक्कलाला टेप लावली. पायातले बूटसुद्धा काढायला सांगितले नाहीत. उत्तर आलं १.७४.

"ओके, इथे पाय थोडे शॉर्ट पडले," तो हसत म्हणाला.

वर्ग खिदळला. माझी मुलगी फ्रॉक खाली ओढत ओढत जागेवर गेली, आणि तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्डाला जवळपासची सवलत, माझ्या पोरीला नाही.

तास संपल्यावर मी त्याला दारातच गाठलं. "अहो सर, तुम्ही बक्कल मोजलं. पट्टा स्वल्प खाली सरकला की हिशेब चुकतो."

"ओह, तुम्ही मराठी?" त्याला भलताच आनंद झाला. "पण तुमचं मराठी जरा कानडी वाटतं, नाही?"

आमचं मराठी घराणं या कानडी गावात तीनशे वर्षांपासून आहे. हा कालपरवा आला आणि माझ्या भाषेलाही टेप लावून मोकळा झाला! तिथपासून त्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच उतरलेला आहे, हे मला तो फळ्याकडे वळला तेव्हाच दिसलं होतं. जिभेवर आलेलं गिळलं. आमच्या धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. अंगातली खोट कापडात भरून काढायची, तोंडाने सांगायची नाही.

मुलांना घरी प्रोजेक्ट दिला होता. घरातल्या दहा वस्तू मोजायच्या, दोन माणसं मोजायची आणि खाली पालकाची सही घ्यायची. मला त्या माणसाला खोटं पाडायचं होतं. मुलीला अनवाणी भिंतीला उभी केली आणि माझी टेप लावली. उंची चोपन्न इंच, बेंबीपर्यंत साडेएकतीस. भागाकार तिनेच केला. १.७१. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. बक्कलाने घोळ घातला होता, पण थोडाच. आता भांडायलाही काही उरलं नाही म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

मग तिने मला मोजलं. गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, अगदी माझ्यासारखं. साठ आणि छत्तीस. टेपवरचा छत्तीस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

रविवारी सही करायला वही उघडली. तिच्या नावापुढे साडेएकतीस जसंच्या तसं होतं. माझ्यापुढे सदतीस, आणि उत्तर १.६२.

"हे काय? मापात पाप?" मी खेकसले.

ती म्हणाली, "माझं सगळ्या वर्गाला कळलंय. तुझं कशाला कळायला पाहिजे? तूपण गिऱ्हाइकांना सांगत नाहीस ना."

एक खांदा उतरलेल्या बायका आरशासमोर उभ्या राहतात तेव्हा मी म्हणते, "एकदम सरी, अगदी बरोब्बर बसलंय, अक्का." हे ती मशीनशेजारी बसून लहानपणापासून ऐकत आली आहे. शिकवलं मीच होतं. फक्त तिने माझी खोट झाकली होती आणि स्वतःची तशीच उघडी ठेवली होती. त्या टेपवाल्याला त्या क्षणी समोर उभा करून झोडपावंसं वाटलं मला.

"कापडात मी फसवते, वहीत नाही," मी म्हणाले. "गिऱ्हाइकाचंसुद्धा माप वहीत खरंच लिहिते."

सदतीसवर रेघ मारली. शेजारी छत्तीस लिहिलं आणि भागाकार तिच्याकडूनच करून घेतला. १.६७.

"आई, सगळे हसतील."

"हसू देत. तुझ्या एकटीवर कशाला?"

आणि मी खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठीच.